नांटा नावाचा एक गावकरी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला तुम्ही ओळखत नसाल. सिनेमा दोनदा पाहिला असेल तरी ओळखत नसाल. नाव नांटा. उंची आपल्या कमरेएवढी, अंगभर केस, डोक्याला चामड्याची टोपी. राहणार एन्डोर नावाच्या जंगली चंद्रावर, उंच झाडांवर बांधलेल्या एका गावात. १९८३ साली 'स्टार वॉर्स' मालिकेतला 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला. त्यात हा गावकरी येतो आणि त्यातच मरतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. एका साम्राज्याला सगळं विश्व ताब्यात हवंय. त्यांचं अवाढव्य यंत्र आकाशात बांधलं जातंय आणि त्याचं संरक्षण करणारं केंद्र आहे या जंगलात. ते उडवायला बंडखोरांची तुकडी येते. त्यांना हे केसाळ गावकरी, म्हणजे इवॉक, जाळ्यात पकडतात आणि भाजून खायची तयारी करतात! त्या तुकडीतला सोनेरी यंत्रमानव मात्र त्यांना देव वाटतो. मग रात्री शेकोटीभोवती तो देव सगळ्या युद्धाची कथा सांगतो, विमानांचे, बंदुकांचे आवाज तोंडानं काढून. लहान पोरं डोळे विस्फारून ऐकतात. कथा संपते, ढोल वाजतात आणि गाव ठरवतं, हे आता आपलेच. ज्या गावात रात्री कथा-कीर्तनाला माणूस बसतो, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लढाई. एकीकडे दोन पायांवर चालणारी पोलादी यंत्रं, दुसरीकडे तिरकामठे, दगड, वेली आणि ओंडके. एक यंत्र दोन ओंडक्यांच्या मध्ये सापडून चिरडतं, दुसरं गडगडत आलेल्या लाकडांवरून घसरतं. विकेट नावाचा इवॉक गोफण फिरवतो आणि दगड स्वतःच्याच डोक्यात घालून घेतो. ज्यानं ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलली आहेत, तो इथं जरा जास्तच हसतो.

आणि या हसण्याच्या मध्येच ते घडतं. दोन इवॉक पळताहेत. मागून यंत्राचा मारा होतो. दोघं पडतात. एक उठतो, दुसऱ्याला हलवतो, ओढून पाहतो. तो हलत नाही. मग पहिल्याला कळतं आणि तो मित्राशेजारी तसाच खाली बसतो. उठला नाही तो नांटा. शेजारी बसला तो रोंबा. सगळं मिळून अर्धा मिनिटही नाही, की कॅमेरा पुढच्या लढाईकडे.

ही नावं सिनेमात कुणी उच्चारत नाही बरं का. नंतर चिकटलेली आहेत. 'इवॉक' हा शब्दसुद्धा एकाही संवादात येत नाही. माझ्या अमळनेरच्या मावशीनं हा सिनेमा नातवाच्या मोबाईलवर पाहिला. कोण राजा, कोण बंडखोर, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं, सुपारी कातरत बसली होती. या ठिकाणी अडकित्ता थांबला. "मरी गया का रे तो?" आणि लगेच, "कोन व्हता तो?"

नातवाला सांगता आलं नाही. मलाही तेव्हा नांटाचं नाव ठाऊक नव्हतं.

या प्रसंगात एकही शब्द आपल्याला कळणारा नाही. इवॉकांची बोली ध्वनीकार बेन बर्ट यांनी घडवली, आणि ती घडवताना मंगोल कुळातल्या काल्मिक भाषेच्या उच्चारांचा आधार घेतला. त्यामुळे ती बनावट असूनही माणसाच्या तोंडची वाटते. रोंबाचा तो कण्हण्यासारखा आवाज रेडिओवर नुसता ऐकवला, तरी कुणीतरी गेलं हे तुम्ही ओळखाल.

आता त्या केसांच्या आतल्या माणसांविषयी. विकेटचं काम केलं वॉरविक डेव्हिस यांनी, वय वर्षं अकरा. चार फुटांपेक्षा कमी उंचीची माणसं हवी आहेत, अशी जाहिरात त्यांच्या आजीनं ऐकली. कुठे? रेडिओवर! आमच्या धंद्याचं हे एवढं श्रेय मी आज घेणारच. मुळात विकेट करणार होते केनी बेकर नावाचे दुसरे बुटके नट. ऐन वेळी त्यांचं पोट बिघडलं आणि भूमिका या पोराकडे आली. बाकीचे कित्येक जण त्या जाड पोशाखात, धड दिसत नसताना, कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या जंगलात ओंडक्यांवरून उड्या मारत होते.

या इवॉकांवर राग असणारे खूप आहेत. म्हणतात, खेळणी विकायला आणलेली अस्वलं. दगडगोट्यांनी कधी फौज हरते का? खेळण्यांचं मला मान्य आहे, विकली गेलीच. दुसऱ्या मुद्द्यावर 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज लुकास यांनीच सांगितलंय की त्यांच्या डोळ्यांसमोर व्हिएतनामचं युद्ध होतं. पण खान्देशातल्या माणसानं तिकडे कशाला जायचं? आपल्या माथ्यावर सातपुडा आहे. आणि हे आधीच सांगतो, आपल्या माणसांना मी त्या बाहुल्यांच्या पंगतीत बसवत नाहीये. मला फक्त सिनेमा किती खरं सांगतो ते बघायचंय.

एप्रिल १८५८, अंबापाणी. खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रज फौजेशी लढले. तिथं ओंडके गडगडत येऊन शत्रू चिरडला गेला नाही. भिल्ल हरले, मारले गेले, बायका पकडल्या गेल्या. त्याच्याही आधीची गोष्ट अशी, की १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली होती, आपल्या धरणगावला. खुद्द खाज्या नाईक आधी कंपनीच्या चाकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करत होते. म्हणजे एकाच डोंगरातली माणसं दोन्ही बाजूंना. सिनेमात एकही इवॉक साम्राज्याचा गणवेश घालत नाही. मला विचाराल तर ओंडक्यांपेक्षा ही थाप मोठी आहे.

नाईकांची नावं आपण घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्यांच्या मागे उभा राहून ज्यानं तीर सोडला आणि जो परत घरी गेला नाही, त्याच्याविषयी मावशीनं विचारलं तर पुन्हा पंचाईत.

सिनेमावाल्यांनी विकेटला मात्र विसरू दिलं नाही. १९८४ आणि १९८५ मध्ये त्याच्यावर टीव्हीसाठी दोन चित्रपट झाले. २०१९ च्या भागात तो क्षणभर पुन्हा दिसला, सोबत त्याचा मुलगा. ते पिल्लू झाले होते डेव्हिस यांचे खरे चिरंजीव. नांटाला असलं काही मिळालं नाही.

पाहायचाच असेल तर तो शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात आहे. मोबाईलवर पाहणाऱ्यांना एक विनंती: कंटाळा आला की आपण स्क्रीनवर दोनदा टिचकी मारून दहा-दहा सेकंद पुढे जातो. लढाई सुरू झाली की अंगठा जरा आवरा. दोन टिचक्यांत नांटाचं सगळं आटोपतं.

नमस्कार.