रोपण आणि रक्त: स्वतःच्याच चरबीने होणारे स्तनवर्धन

(इंदूर येथे मराठी महिला मंडळाच्या सभेत एका प्लास्टिक सर्जनने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो,

आजच्या विषयाला ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ असे मोघम नाव द्यावे, अशी सूचना आली होती. फलकावर ‘स्तन’ हा शब्द राहू द्यावा, असा आग्रह मी धरला. इंदुरात काम करताना इतकी वर्षे मी पाहत आले आहे, की समोर बसलेली बाई, मग ती महाविद्यालयात शिकणारी असो की दोन मुलांची आई, पाठदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळे सांगून होते, आणि उठता उठता पदर सारखा करीत हळूच विचारते, “मॅडम, पोटाची चरबी तिथे भरता येते म्हणे, खरे का?” आज या प्रश्नाचेच उत्तर द्यायचे आहे.

उत्तर होकारार्थी आहे. मात्र ‘भरणे’ या क्रियापदाला माझा आक्षेप आहे. उशीत कापूस भरतात, पोळीत पुरण भरतात. चरबी मात्र लावावी लागते. आपण तिला मेदरोपण म्हणतो, आणि यातला ‘रोपण’ हा शब्द वाफ्यातल्या रोपाइतक्या शब्दशः अर्थाने घ्यावा, कारण या शस्त्रक्रियेतून काय साधते आणि काय साधत नाही हे सारे त्या एका शब्दातून उलगडते. रोप जगायला पाणी लागते, तसे उचलून नेलेली ऊती जगायला रक्त लागते.

ही समज आपल्या मुलखात जुनी आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर असताना टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली, तेव्हा आपल्या अहिल्याबाई महेश्वरी राज्य करीत होत्या. ती वाचून युरोपातील शल्यचिकित्सकांचे कुतूहल जागे झाले, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. मला त्या अनाम कारागिराची एक गोष्ट फार मोलाची वाटते. कपाळावरून उचललेल्या कातडीचा भुवयांमधला देठ त्याने लगेच तोडला नाही. त्या देठातून रक्त येत राहिले, म्हणून नाक जगले.

स्तनात स्वतःचीच चरबी आणून बसवल्याची पहिली नोंद १८९५ ची आहे. जर्मनीतील हायडेलबर्गचे शल्यचिकित्सक व्हिन्सेंझ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढल्यानंतर झालेल्या खळग्यात तिच्याच कमरेजवळची चरबीची निरुपद्रवी गाठ आणून बसवली. कर्करोगात स्तन काढावा लागल्यास ओटीपोटाची त्वचा आणि चरबी वापरून नवा स्तन घडवण्याची पद्धत १९८२ मध्ये अमेरिकी सर्जन कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी मांडली. त्यात पोटाचा स्नायू देठासारखा वापरला जाई. पुढे स्नायू जागच्या जागी ठेवून केवळ रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीच्या वाहिन्यांना जोडण्याची रीत आली. या मोठ्या, अनेक तासांच्या शस्त्रक्रिया आहेत. निव्वळ आकार वाढवण्यासाठी त्या क्वचितच केल्या जातात, म्हणून त्यांच्याविषयी इथे अधिक बोलत नाही.

आता मेदरोपणाकडे येऊ. येथे देठ नसतो, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. पोट, मांड्या किंवा कमरेत आधी सलाइनमध्ये मिसळलेले बधिरतेचे औषध आणि रक्तस्राव कमी करणारे ॲड्रेनॅलिन सोडतात, मग बारीक नळीने, जिला आम्ही कॅन्युला म्हणतो, चरबी हलक्या दाबाने ओढून घेतात. तिच्यातले रक्त, पाणी आणि फुटलेल्या पेशींचे तेल वेगळे करतात. कोणी ती स्थिर ठेवून निथळू देतात, कोणी गाळतात, कोणी सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात फिरवतात. उरलेली चरबी कॅन्युला मागे घेत घेत, धाग्यासारख्या बारीक रेषांत, त्वचेखाली, दुग्धग्रंथींच्या मागे आणि छातीच्या स्नायूत वेगवेगळ्या थरांत सोडतात. ग्रंथींमध्ये ती मुद्दाम सोडली जात नाही.

बारीक रेषा का, हे समजले की बाकीचे सहज समजते. पहिले काही दिवस या कणांना स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आणि आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवरच ते तग धरतात. हा प्राणवायू काठापासून दीड-दोन मिलिमीटरच्या पलीकडे फारसा पोहोचत नाही. म्हणजे मोठा गोळा एका जागी सोडला, तर त्याचा काठ जगेल आणि मधला भाग मरेल. मेलेल्या चरबीचे कधी तेलाने भरलेली पुटकुळी, कधी कडक गाठ, तर कधी कॅल्शियमचे कण होतात. वाफ्यात रोपे दाटीने लावली की सगळीच खुरटतात, तसेच इथे होते; शिवाय जागेपेक्षा जास्त चरबी दाबून बसवली की आतला दाब वाढून येणारे रक्तही अडते. म्हणून एका वेळी साधारणपणे ब्राच्या मापातल्या एखाद्या कपाएवढाच फरक पडतो, आणि तोही सगळा टिकत नाही. लावलेल्या चरबीपैकी निम्म्याच्या आसपास, फार तर दोन तृतीयांश उरेल, अशी अपेक्षा ठेवावी. पहिल्या महिन्यातली सूज पाहून हरखू नये आणि तिसऱ्या महिन्यात ती ओसरली म्हणून फसवणूक झाली असेही समजू नये. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो. अधिक हवे असल्यास त्यानंतर दुसरी फेरी करता येते.

रक्ताचाच विषय निघाला आहे, म्हणून तंबाखूविषयी ठामपणे सांगते. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट ओढणाऱ्या बायका आपल्यात थोड्या असतील, पण मिश्री लावणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि डॉक्टरांनी “तंबाखू घेता का?” असे विचारल्यावर त्या प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या मते तंबाखू नसतेच. ती तंबाखूच आहे. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार आठवडे ती बंदच असली पाहिजे.

स्तनात बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम पिशवीची, म्हणजे इम्प्लांटची, निंदा करायला मी उभी नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले गेले, तेव्हापासून असंख्य स्त्रियांनी त्यांचा उपयोग करून घेतला आहे. आकार पुष्कळ वाढवायचा असेल, किंवा मुलगी इतकी सडपातळ असेल की घ्यायला चरबीच नाही, तर इम्प्लांटचा विचार रास्त ठरतो. मात्र ते जन्मभर टिकणारे नसते. त्याच्याभोवती शरीर आवरण तयार करते, ते आवरण कधी आकसते, कधी इम्प्लांट फुटते, आणि खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा लिम्फोमा या कर्करोगाच्या एका विरळ प्रकाराशी संबंध आढळल्यामुळे २०१९ मध्ये ती बाजारातून परत मागवली गेली. स्वतःच्या चरबीच्या बाबतीत हे प्रश्न उद्भवत नाहीत. ती वजनाबरोबर वाढते आणि घटते. म्हणूनच ‘आधी ऑपरेशन, मग डाएट’ असा बेत असेल, तर तो उलटा करावा.

‘आपलेच आहे, मग धोका कसला?’ हे वाक्य मी फार ऐकते आणि दर वेळी खोडून काढते. जंतुसंसर्ग होऊ शकतो, जिथून चरबी काढली तिथे खाचखळगे राहू शकतात, आणि क्वचित चरबीचे कण रक्तवाहिनीत शिरून जिवावर बेतू शकते. ओघळलेला स्तन मेदरोपणाने वर उचलला जात नाही. त्याची शस्त्रक्रिया निराळी आहे. म्हणून प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी असलेल्या डॉक्टरकडेच, आणि भूलतज्ज्ञ हजर असलेल्या शस्त्रक्रियागृहातच हे करून घ्यावे, ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत कदापि नव्हे.

मेदरोपणामुळे पुढे कर्करोग ओळखणे अवघड होईल का, ही शंका रास्त आहे. मेदरोपणानंतर दिसणारे कॅल्शियमचे कण कर्करोगाच्या निदानात गोंधळ करतील, या भीतीने १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनवर्धनासाठी चरबी वापरण्याला स्पष्ट विरोध केला होता. तंत्र सुधारले, क्ष-किरणतज्ज्ञांना मृत चरबीच्या खुणा वेगळ्या ओळखता येऊ लागल्या, आणि २००९ मध्ये त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने ही भूमिका सौम्य केली. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा कर्करोग आहे अशांच्या बाबतीत सावधगिरीचा इशारा मात्र कायम ठेवला. तेव्हा आईला, मावशीला किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. शस्त्रक्रियेपूर्वी वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) करून घ्या आणि तो अहवाल छायाचित्रांसह जपून ठेवा. किती मिलिलिटर चरबी, कोणत्या तारखेला, कोणत्या थरात लावली, याची लेखी नोंद सर्जनकडून मागून घ्या. पुढे केव्हाही, कोणत्याही शहरात स्तनाची तपासणी करायची वेळ आली, की हे दोन्ही कागद सोबत न्या, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांना जुनी छायाचित्रे नव्यांशेजारी ठेवून पाहता येतील.