येतानाचे किलोमीटर

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मदतनिधीसाठी सहा दिवसांचा निसर्गरम्य सायकल मार्ग'. त्यावर येतोच. आधी काकूंचं सांगतो.

काकू आमच्या गल्लीतल्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौदा जण कोल्हापुरातनं सायकलनं मालवणला गेलो. वाड्यावस्त्यांवरून शाळेला चालत येणाऱ्या मुलींना सायकली घ्यायच्या होत्या. देणगीचा हिशेब किलोमीटरवर. काकूंनी माझ्या नावावर किलोमीटरला एक रुपया लावला.

गेलो फोंडा घाटानं. भोगावतीच्या कडेनं राधानगरी, शाहू महाराजांच्या धरणापाशी फोटो. दाजीपूरच्या जंगलात गवा दिसेल म्हणून सगळे गप्प सायकल मारतायत, आणि वळणावर दिसली ती एसटी. घाट उतरताना पायांना कामच नाही, ब्रेक दाबून बोटं आखडली तेवढीच. मालवणात सुरमई हाणली. आणि परत? टेंपोतनं.

त्या टेंपोबद्दल मला बोलू द्या. सायकली एकावर एक, मध्ये गोणपाट. माझं हँडल दुसऱ्याच्या चाकाच्या तारांत, तिसऱ्याचं पेडल माझ्या गिअरवर. घाटात टेंपो तापला, रेडिएटरमध्ये आमच्याच बाटल्यांचं पाणी ओतलं. वर आलो तर पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पुढं टेप मात्र अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा. (हसताय तुम्ही, पण निम्म्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, मला माहितीय.) घरी पोचायला रात्रीचे अकरा.

दुसऱ्या दिवशी काकू दारात पाकीट घेऊन. "जातानाचे किती झाले रे?" म्हटलं, दीडशेच्या आसपास. "आणि येतानाचे?" म्हटलं, काकू, येताना टेंपो होता. "मग ते टेंपोवाल्याला देते की!" दीडशे रुपये मोजून हातावर ठेवले आणि गेल्या. तेवढ्यात माझा टी-शर्टसुद्धा झाला नव्हता. वर छातीवर 'मदतफेरी' छापलेलं. फेरी म्हणजे गेलं तिथनं परत यायचं, एवढं साधं आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. कोल्हापूर आधीच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर बसलंय. कोकणात जाताना ती उंची आपण फुकटात उधळतो. ती पायानं परत कमवायची, मग देणगी मागायची. माझ्या मित्राचं म्हणणं, चढ ठेवला तर निम्मे लोक येणार नाहीत. मी म्हणतो, येऊ देत नाहीतर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मार्ग सांगतो, लिहून घ्या.

पहिला दिवस कळे, साळवण, गगनबावडा. पंचावन्न किलोमीटर, चढ अंगाला फारसा लागत नाही. दुसऱ्या दिवशी भुईबावडा घाट उतरून खारेपाटण. मागचा ब्रेक आधी दाबायचा, आणि दर दोन वळणांनी थांबून रिम हातानं बघायची. तापली असेल तर गार होऊ द्यायची. तिसरा दिवस देवगड. चौथा कुणकेश्वर, आचरा, मालवण. किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो हा गैरसमज इथंच सोडून जा. प्रत्येक खाडीला उतार, पूल, आणि पलीकडं पुन्हा चढ. आपण उत्तरेकडून दक्षिणेला जातो ते मुद्दाम. दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तो पाठीवर घ्यायचा. उलटं गेलात तर तोंडावर घ्याल. पाचवा दिवस कुडाळवरून सावंतवाडी, आराम.

सहावा दिवस आंबोली. दाणोली सोडली की चढ सुरू. पहाटे निघायचं, सर्वांत लहान गिअर, आणि कुणी ढकलत आलं तर त्याला हसायचं नाही. चालत आलेला किलोमीटरसुद्धा काकू मोजतात, विचारून घेतलंय. वर हिरण्यकेशीचा उगम. तीच नदी आजऱ्याला भेटते, मुक्कामी घनसाळ तांदळाचा भात. सातव्या दिवशी उत्तूर करत घरी.

हो, सात झाले. पत्रिकेत सहा छापलेत, ते मी बघितलं नाही.

दिवाळीनंतर निघायचं. तेव्हा कारखाने सुरू असतात, म्हणून अंधार पडल्यावर चाक फिरवायचं नाही, ट्रॉल्यांचं मघाशी सांगितलंच. दोन जादा ट्यूब, एक चेनची कडी, ग्लुकोज. टेंपो यंदाही आहे, पण फक्त सामानाला. आजारी पडला तरच माणूस बसेल, आणि त्याचे किलोमीटर कापले जातील.

मागचे भाऊ काय विचारतायत? मटण कुठल्या दिवशी? भाऊ, मालवणात मासे. तांबडा-पांढरा आठव्या दिवशी, ज्याच्या त्याच्या घरी.