पहिली दोन वर्षं झकास गेली, मग पेरूचं बिनसलं कुठे?

जुलै १९८५, पेरू. ३६ वर्षांचे आलान गार्सिया राष्ट्राध्यक्ष झाले आणि आल्या आल्या जाहीर करून टाकलं, परदेशी कर्ज फेडायला निर्यातीच्या कमाईतले फक्त १० टक्के देणार. लोक खूश होणारच ना.

मग पगार वाढवले, टॅक्स कमी केले, वस्तूंचे भाव आणि डॉलरचा रेट सरकारने बांधून ठेवला. आणि गंमत म्हणजे हे चाललं! १९८६ मध्ये अर्थव्यवस्था ९ टक्क्यांच्या आसपास वाढली, महागाई निम्म्यावर आली. टीकाकार हा भाग घाईघाईत उरकतात पण खरी मेख इथेच आहे. आधीच्या मंदीमुळे कारखान्यांची बरीच यंत्रं बंद पडून होती, त्यामुळे लोकांच्या हातात पैसा आला तेव्हा ती नुसती चालू केली की झालं, माल तयार.

पण यंत्रं सगळी चालू झाल्यावर पुढे काय? नवी गुंतवणूक हवी, आणि १९८७ मध्ये गार्सियांनी बँकाच ताब्यात घ्यायची घोषणा केली, मग कोण कशाला पैसे लावेल. डॉलर मुद्दाम स्वस्त ठेवलेला म्हणून आयात जोरात, निर्यात परवडेना, परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. सरकारी तूट भरायला मध्यवर्ती बँक नोटा छापत होती, त्यातून भाव वाढले, आणि भाव इतके भराभर वाढले की टॅक्स जमा होईपर्यंत त्या पैशाची किंमतच उरायची नाही, म्हणजे तूट अजून मोठी, म्हणजे अजून नोटा.

१९८८ मध्ये महागाई १००० टक्क्यांच्या वर, १९९० मध्ये ७००० च्याही वर. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या कामगारांच्या पगाराची खरी किंमत १९८५ पेक्षाही खाली गेली. अर्थतज्ज्ञ डॉर्नबुश आणि एडवर्ड्स यांना लॅटिन अमेरिकेत हेच चक्र पुन्हा पुन्हा दिसलं, राष्ट्राध्यक्ष आयेंदेंच्या काळातल्या चिलीतसुद्धा.

१९९० ची निवडणूक फुजिमोरी जिंकले, तेही शॉक ट्रीटमेंटला, म्हणजे बांधून ठेवलेले भाव एका झटक्यात मोकळे सोडायला, विरोध करून. ऑगस्टमध्ये त्यांच्याच सरकारने एका रात्रीत पेट्रोल जवळपास ३० पट महाग केलं! पुढच्या वर्षी नवं चलन आलं, जुन्या चलनातले १० लाख इंती द्या आणि एक नवा सोल घ्या.

२००६ मध्ये लोकांनी गार्सियांनाच परत निवडून दिलं, आणि या वेळी महागाई आटोक्यात राहिली. माणूस बदलला असेलही, पण तोवर १९९३ च्या राज्यघटनेने मध्यवर्ती बँकेला सरकारी तिजोरीत पैसे ओतायला बंदीच घातली होती.