दुसऱ्यांदा घाबरवायचं कसं?

(दृश्य: काळा पडदा. लाकडी जमिनीवर पावलांचा आवाज. दार करकरत उघडतं.)

मार्च 1996. जपानमध्ये प्लेस्टेशनवर कॅपकॉम कंपनीचा एक गेम येतो, 'बायोहॅझर्ड'. जपानबाहेर त्याचं नाव 'रेसिडेंट ईव्हिल'. जंगलातली एक प्रचंड हवेली, कुलूपबंद खोल्या आणि मोजक्या गोळ्या. सुरुवातीलाच एका अरुंद बोळात कोणीतरी पाठमोरं बसलेलं दिसतं. ते काहीतरी खातंय. मग ते सावकाश मान वळवतं आणि थेट आपल्याकडे बघतं.

त्या क्षणी खेळाडूला काहीच ठाऊक नसतं. याला मारायला किती गोळ्या लागतील, पळून जाता येईल का, दार ओलांडलं तर हा मागे येईल का, कशाचाच अंदाज नसतो. ही सगळी भीती अज्ञानाची आहे.

पण गेम संपेपर्यंत तोच खेळाडू पक्का झालेला असतो. कुठल्या झॉम्बीवर गोळी खर्च करायची आणि कुणाला नुसता हुलकावणी देऊन निघून जायचं, हे तो जाणतो. खेळाडू जिल किंवा क्रिस यांपैकी एक पात्र निवडतो; जिलकडे सामान ठेवायला आठ जागा, क्रिसकडे सहाच, त्यात काय घ्यायचं आणि काय पेटीत टाकायचं, हा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. सेव्ह करायला टाइपरायटरची शाईची रिबन लागते, आणि ती संपते, म्हणून ती कधी वापरायची तेही त्याला कळलेलं असतं. सर्व्हायव्हल हॉररचा, म्हणजे तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवायच्या भयगेमचा, सगळा डोलारा या हिशेबावर उभा असतो, आणि हिशेब जमला की भीती ओसरते.

आता या माणसासाठी दुसरा भाग बनवायचा आहे.

राक्षस दुप्पट करा, बंदुका वाढवा, शहर मोठं करा, असं सुचणं साहजिक आहे. बहुतेक सीक्वेल तसंच करतात आणि म्हणूनच फसतात. जे दुसरे भाग अभिजात ठरले, त्यांनी खेळाडूच्या या जाणकारीलाच कच्चा माल मानलं. तुला काय येतं ते आम्हाला माहीत आहे, असं म्हणून त्यांनी सापळा रचला. या निवेदनात आपण तो सापळा जवळून बघणार आहोत.

(दृश्य: रेसिडेंट ईव्हिल 2 च्या रद्द झालेल्या आवृत्तीतील पोलीस ठाणं. मोटरसायकलस्वार एल्झा.)

ही एल्झा वॉकर. हिला तुम्ही कुठल्याही प्रसिद्ध झालेल्या गेममध्ये पाहिलेलं नाही. 'रेसिडेंट ईव्हिल 2' चं काम 1996 मध्येच सुरू झालं. दिग्दर्शक होते हिदेकी कामिया. पहिल्या गेममध्ये ते प्लॅनर होते, आणि दिग्दर्शनाची ही त्यांची पहिलीच वेळ. पहिल्या भागाचे दिग्दर्शक शिंजी मिकामी आता निर्मात्याच्या खुर्चीत होते. काम निम्म्याहून बरंच पुढे गेलं, आणि तेव्हा टीमच्या लक्षात आलं की गेम कंटाळवाणा होतोय. पोलीस ठाणं आधुनिक आणि स्वच्छ, एखाद्या नेहमीच्या ऑफिससारखं. गोष्टही पहिल्या भागाशी नीट जोडलेली नव्हती.

त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं. चाहते आजही त्या आवृत्तीला '1.5' म्हणतात. एवढं काम फेकून देण्याचा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने भयंकर होता, आणि मला तो या संपूर्ण मालिकेतला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. नोबोरू सुगिमुरा या अनुभवी पटकथाकाराला बोलावण्यात आलं. एल्झाची क्लेअर रेडफिल्ड झाली, पहिल्या भागातल्या क्रिसची बहीण. तिला शहरात यायला आता सबळ कारण होतं, भावाचा शोध. आणि पोलीस ठाण्याची इमारत मुळात कलासंग्रहालयाची होती, असं ठरलं. या एका बदलाने उंच छताचा दिवाणखाना, पुतळे, तैलचित्रं आणि पुतळ्यांत दडलेली कोडी, सगळं एका फटक्यात शक्य झालं. हवेली पुन्हा मिळाली, पण शहराच्या मधोमध.

1998 च्या जानेवारीत गेम आला. सुरुवात बघा. पहिल्या भागात एकाच झॉम्बीसाठी आपल्याला थांबवून ठेवलं होतं. इथे जळत्या रस्त्यावर उतरल्या उतरल्या झॉम्बींचा घोळका अंगावर येतो. प्लेस्टेशनवर एका वेळी सात-सात झॉम्बी पडद्यावर दाखवता यावेत म्हणून प्रत्येकाची चित्रणातली बारकाई कमी केली होती. ओळख करून देण्यात वेळ घालवायचा नाही, कारण ओळख झालेलीच आहे. जुना खेळाडू मनात म्हणतो, हे मला येतं. गोळ्या वाचवायच्या, बाजूने सटकायचं. आणि रस्त्यातली एकही वस्तू न उचलता जो पोलीस ठाण्यापर्यंत पोचतो, त्याच्या वाटेत पहिल्या भागातला हेलिकॉप्टर पायलट ब्रॅड विकर्स झॉम्बी होऊन उभा असतो. हे बक्षीस फक्त जाणत्यासाठी आहे.

मग त्याचा आत्मविश्वास मोडायची वेळ येते.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा कॉरिडॉर. डावीकडे खिडक्या.)

तुम्ही कॉरिडॉरमधून चालताय. खिडकीबाहेरून काहीतरी सरपटत जातं. क्षणभरच दिसतं, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पुढच्या दाराआड एका पोलिसाचं प्रेत आहे आणि कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज येतोय. नजर वर जाते. छताला कातडी सोललेला, मेंदू उघडा पडलेला एक प्राणी चिकटलेला असतो, लांब जिभेचा. हा लिकर. इतका वेळ तुम्ही जमिनीवरच्या, हळू चालणाऱ्या शत्रूचे नियम घोटत होतात. हा छतावर आहे आणि वेगवान आहे. जुन्या हिशेबातली एकच गोष्ट बदलली, शत्रू कुठून येईल ती, आणि तेवढ्याने सगळी आकडेमोड कोसळली.

मला इथे सगळ्यात जास्त आवडतो तो संयम. लिकरच्या आधी दिसलेली ती खिडकी. आजही कित्येक गेम राक्षस दाखवायची घाई करतात.

पण 'रेसिडेंट ईव्हिल 2' ची खरी करामत पहिल्यांदा गेम संपल्यावर कळते. गेम दोन डिस्कवर आला, एक लिऑन या नवख्या पोलिसाची आणि एक क्लेअरची. एकाची गोष्ट पूर्ण केली की दुसऱ्याच्या बाजूने तीच रात्र खेळायची. इमारत तीच, खोल्या त्याच. नकाशा तुम्हाला पाठ झालाय. नेमकं इथे एक उंच, करड्या चेहऱ्याचा, लांब कोट घातलेला माणूस तुमच्या मागे लागतो. चाहते त्याला मिस्टर एक्स म्हणतात. आदल्या खेपेला ज्या खोलीतून निवांत चालत गेलात, तिची भिंत फोडून तो आत येतो. ज्या जागेबद्दल तुमची खात्री होती, तीच जागा दगा देते.

आणि पहिल्या खेपेची तुमची हाव दुसऱ्या खेपेला अंगाशी येते. तळघरातल्या शस्त्रांच्या खोलीत एक मशीनगन आहे आणि जास्त सामान मावेल असा एक साइड पॅक आहे. पहिल्या पात्राने दोन्ही उचललं, तर दुसऱ्यासाठी काही उरत नाही. त्या क्षणी खेळाडू भविष्यातल्या स्वतःशीच वाटाघाट करत असतो. प्लेस्टेशनवर या गेमच्या जवळपास 50 लाख प्रती खपल्या.

(दृश्य: दाट धुकं. डोंगरउतारावरची पायवाट.)

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट आहे. कोनामीचा 'सायलेंट हिल' 1999 मध्ये आला. त्यातलं धुकं प्रसिद्ध झालं, पण ते अडचणीतून आलं होतं. जुन्या प्लेस्टेशनला लांबचं शहर रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्याआड झाकलं. 2001 मध्ये 'सायलेंट हिल 2' प्लेस्टेशन 2 वर आला तेव्हा यंत्र कितीतरी ताकदवान होतं. धुकं काढता आलं असतं. गेम बनवणाऱ्या कोनामीच्या टीम सायलेंटने ते ठेवलं. आधीची मजबुरी आता भाषा झाली होती.

त्यांनी सोडलं ते वेगळंच. पहिल्या भागातला पंथ, त्याचे विधी, नायक हॅरी आणि त्याची मुलगी, हे सगळं त्यांनी बाजूला सारलं. दिग्दर्शक मासाशी त्सुबोयामा यांच्या या गेममध्ये जेम्स सन्डरलँड नावाचा एक साधा माणूस गावात येतो, कारण त्याला बायकोचं पत्र आलंय. बायको मेलेली आहे.

पत्र वाचल्यावर तो चालायला लागतो. आणि चालतच राहतो. जंगलातली ती उतरती वाट इतकी लांब आहे की हात आपोआप कंट्रोलरवर आवळले जातात. पहिला भाग खेळलेला माणूस प्रत्येक वळणावर कशाची तरी वाट बघतो. काही येत नाही. या वाटेवर एकही राक्षस नाही. तुमची अपेक्षा तुम्हाला घाबरवते, गेम फक्त वाट लांबवतो. दुसऱ्या भागातच चालू शकेल अशी ही सुरुवात आहे, कारण पहिल्यांदा आलेल्याला हे नुसतं चालणं वाटेल.

मग रेडिओ. राक्षस जवळ आला की रेडिओ खरखरतो, हा नियम पहिल्या भागापासूनचा. एका जुन्या इमारतीच्या बोळात खरखर वाढते. गजांच्या पलीकडे कोणीतरी उभं आहे, डोक्यावर प्रचंड लोखंडी त्रिकोण. तो हलत नाही. हल्ला करत नाही. तुम्ही बंदूक रोखून उभे राहता आणि काहीच होत नाही. मासाहिरो इतो यांनी घडवलेल्या पिरॅमिड हेडची ही पहिली भेट आहे. आधीच्या गेमने शिकवलं होतं, आवाज आला म्हणजे लढाई. इथे आवाज आहे, पण लढाई नाही, आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. अकिरा यामाओका यांचा ध्वनी या जागी जे काम करतो, ते कुठल्याही चित्राला जमलं नसतं.

या गेमने आणखी एक गोष्ट केली आणि ती अजूनही अंगावर काटा आणते. तो तुमच्यावर नजर ठेवतो. जखमी झाल्यावर लगेच औषध घेता की तसेच फिरत राहता? गावात भेटलेल्या अँजेलाने दिलेला चाकू सामानातून काढून पुन्हा पुन्हा बघता का? बायकोचा फोटो बघता का? बायकोसारखी दिसणाऱ्या, सोबत चालणाऱ्या मारियाची किती काळजी घेता? शेवट यावरून ठरतो, आणि हे मोजमाप चालू आहे याची चाहूल खेळताना लागत नाही. जेम्सला काय आढळतं ते मी इथे सांगणार नाही. ज्याने खेळलेला नाही, त्याचा तो हक्क आहे.

टेक्मोचा 'फेटल फ्रेम 2', 2003 सालचा, याच दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. शस्त्र म्हणून कॅमेरा, हा नियम पहिल्या भागातून तसाच आला. भूत जितकं जवळ येऊ द्याल, तितका फोटोचा मारा जबर. पण आता सोबत जुळी बहीण आहे, पाय अधू असलेली, मागे राहणारी. भुताला जवळ येऊ देण्याचं धाडस आता तिच्या जिवावरही बेतू शकतं.

फसलेलं उदाहरणही बघायला हवं. मिकामींनीच दिग्दर्शित केलेला 'डायनो क्रायसिस' 1999 मध्ये आला, डायनासोरांचा तणावपूर्ण गेम. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला. त्यात डायनासोर मारले की गुण मिळतात आणि गुणांनी शस्त्रं विकत घेता येतात. खेळायला तो मजेदार आहे, वेगवान आहे. पण शत्रू दिसल्यावर आनंद व्हायला लागला की भीतीचा गेम तिथेच संपतो. आधी जो प्राणी तुमच्या गोळ्या खात होता, तो आता तुमची कमाई झाला.

याउलट 2011 चा 'डेड स्पेस 2' मारधाडीने भरलेला असूनही एका ठिकाणी थांबतो. नायक आयझॅकला पुन्हा त्याच इशिमुरा या अंतराळजहाजावर जावं लागतं, जिथे पहिला गेम घडला होता. जहाज साफ केलंय, प्लास्टिकच्या चादरी टांगल्यात. तुम्हाला आठवतं, या वळणावर एक होता, त्या झरोक्यातून दुसरा आला होता. बराच वेळ कोणीच येत नाही. सगळे राक्षस तुम्हीच घेऊन आलात, आठवणीत.

(दृश्य: 2019 चा रीमेक. पोलीस ठाणं, नव्या प्रकाशात.)

जानेवारी 2019 मध्ये कॅपकॉमने 'रेसिडेंट ईव्हिल 2' नव्याने बनवला. आता प्रेक्षक आणखी तयारीचा होता, वीस वर्षांपासून ही इमारत ओळखणारा. मिस्टर एक्स आता ठरावीक जागी भिंत फोडून येत नाही, तो सतत तुम्हाला शोधत फिरतो. त्याच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून, शेजारच्या खोलीतून ऐकू येत राहतो. त्याच्यापासून सुटायचं असेल तर पळायला लागतं. लिकरला डोळे नाहीत, तो आवाजावर झडप घालतो, म्हणून त्याच्यासमोरून जाताना हळू पावलं टाकायची. दोन्ही नियम तुम्ही वेगवेगळे शिकता आणि दोन्ही जमतात.

मग एका कॉरिडॉरमध्ये पुढे छतावर लिकर असतो आणि मागून बुटांचा आवाज जवळ यायला लागतो. पळालात तर लिकर ऐकतो. हळू चाललात तर मिस्टर एक्स गाठतो.