चाकांवरचं घर, कागदावरचा पत्ता

(दृश्य : वाळवंटातली पहाट. क्षितिजापर्यंत उभ्या असलेल्या गाड्या. एका खिडकीत दिवा लागतो. कुकरची शिट्टी.)

ही शिट्टी ऐकून घराची आठवण झाली ना? पण हे सोलापूर नाही आणि डोंबिवलीही नाही. हे आहे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं क्वार्ट्झसाइट. थंडी सुरू झाली की इथल्या सरकारी जमिनीवर गाड्यांचं गाव वसतं. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा हंगाम, आणि अख्ख्या हंगामाचा परवाना 180 डॉलरचा. त्या गावात माझे काका-काकू राहतात. दोन माणसं, एक कुकर, मिसळणाचा डबा, देवघरातला बाळकृष्ण, आणि हे सगळं पोटात घेऊन फिरणारी एक मोटरहोम.

काका निवृत्त झाले तेव्हा दोघांनी ओहायोतलं घर विकलं. आयुष्यभर नकाशात पाहिलेला देश आता डोळ्यांनी पाहायचा, असं ठरलं होतं. डिझेल किती लागेल, पाणी कुठे भरायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, याच्या वह्या काकांनी भरल्या. एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. घर विकलं की पत्ताही जातो. आणि पत्ता गेला की विमा, लायसन्स, बँक, डॉक्टर सगळंच डळमळतं.

(दृश्य : मोटरहोमच्या दाराखालची घडीची पायरी. काकू पाय ठेवून दाखवतात.)

ही पायरी नीट पाहा. दार उघडलं की बाहेर येते, बंद केलं की आत जाते. दुसऱ्या वर्षी एका कॅम्पग्राउंडवर शेजारच्या बाई काकूंकडे चहाला आल्या होत्या. निघताना पाऊस पडत होता. पाय घसरला आणि मनगट मोडलं. काकू रात्रभर त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसल्या. त्या बाईंनी एका शब्दानं दोष दिला नाही. पण महिन्याभरानं पत्र आलं, त्यांच्या आरोग्य विमा कंपनीचं. उपचाराचा खर्च तुमच्याकडून वसूल करू, असं.

काकांनी आपल्या विमा कंपनीला फोन लावला. गाडीचा विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता. पलीकडून पहिला प्रश्न आला : वर्षातले किती दिवस तुम्ही या गाडीत राहता? काकांनी खरं ते सांगितलं, सगळेच. दुसरा प्रश्न : मग पॉलिसीवरच्या ओहायोच्या पत्त्यावर कोण राहतं? तो पत्ता काकांच्या मित्राचा होता. टपाल यावं एवढ्यासाठी दिलेला. कंपनीनं हात वर केले.

काकू अजून म्हणतात, "अगं, आम्ही कुणाला फसवायला थोडंच गेलो होतो? मित्राचा पत्ता दिला, त्यात काय एवढं, असं वाटलं." मला त्यांचं दुःख समजतं. पण कंपनीचं म्हणणंही समजून घ्यायला हवं, कारण तिथेच या सगळ्याचं मर्म आहे.

(दृश्य : पॉलिसीची पानं. बोट एका ओळीवर थांबतं.)

अमेरिकेत मोटरहोमचा साधा विमा सुट्टीत फिरणाऱ्यांसाठी असतो. गाडी वर्षभर घराशेजारी उभी, उन्हाळ्यात चार आठवडे बाहेर, असा त्यामागचा हिशेब. रस्त्यावरचा अपघात त्यात येतो. गाडी कॅम्पमध्ये उभी असताना कुणाला इजा झाली, तर त्याची भरपाई फक्त सुट्टीपुरती मिळते. कारण घर असलेल्या माणसाचा घराचा वेगळा विमा असतोच, असं धरलेलं असतं. अंगणात पाहुणा पडला तर तो विमा भरपाई देतो. काका-काकूंनी घर विकलं त्या दिवशी हे छत्र गेलं. ते गेल्याचं सांगायला कुणीच आलं नाही.

म्हणून गाडीतच राहणाऱ्यांसाठी वेगळी पॉलिसी असते. तिकडे तिला फुलटाइमर पॉलिसी म्हणतात. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ गाडीत राहत असाल, तर बहुतेक कंपन्या तुम्हाला फुलटाइमर धरतात. या पॉलिसीत पायरीवरून घसरलेल्या शेजारणीचा खर्च येतो. गाडीला आग लागली तर आतल्या सामानाची भरपाई मिळते. गाडी दुरुस्तीला गेली की तुमचं घरच गॅरेजमध्ये गेलेलं असतं, तेव्हा हॉटेलात राहण्याचा खर्चही काही मर्यादेपर्यंत मिळतो. दागिन्यांसाठी मात्र वेगळी मर्यादा असते, आणि ती फार छोटी असते. काकूंच्या पाटल्या आणि तन्मणी त्यात मावत नव्हते. सोनाराकडून मूल्यांकन करून ते स्वतंत्र नोंदवावे लागले. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराला मी हे आवर्जून सांगते, मग घराला चाकं असोत की नसोत.

आणि प्रत्येक अर्जात एक प्रश्न असतोच : गाडी रात्री कुठे उभी असते? यावर हप्ता ठरतो, कारण चोरी, गारपीट, वादळ, अपघात यांचं प्रमाण गावागणिक बदलतं. सतत फिरणाऱ्यानं इथे सतत फिरतो असंच सांगायचं. स्वस्त हप्त्यासाठी भलताच पत्ता दिला तर क्लेमच्या दिवशी तो उलटतो. पॉलिसी मुळापासून रद्दही होऊ शकते.

(दृश्य : रुंद, सपाट गवताळ प्रदेश. हायवेवर एकच मोटरहोम.)

मग खरा पत्ता कोणता सांगायचा?

आपल्याकडे डोमिसाइल म्हटलं की तहसील कचेरी आणि रहिवासी दाखला डोळ्यांपुढे येतो. अमेरिकी कायद्यात डोमिसाइलला दोन पाय आहेत. तुम्ही तिथे प्रत्यक्ष गेला असलात पाहिजे, आणि तेच आपलं कायमचं ठिकाण मानण्याचा तुमचा हेतू असला पाहिजे. घराच्या चार भिंती त्या व्याख्येत नाहीत. फिरस्त्यांना कायद्यात जागा मिळते ती इथे.

तीन राज्यं या लोकांत प्रसिद्ध आहेत : टेक्सस, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा. तिन्ही राज्यं आयकर घेत नाहीत, आणि टपाल सांभाळून पुढे पाठवण्याची जुनी व्यवस्था तिन्हीकडे आहे. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावाची गोष्ट मला विशेष भावते. जो आणि के पीटरसन या जोडप्यानं 1978 मध्ये फिरस्त्यांचा एस्केपीज हा क्लब सुरू केला. आज या क्लबचं टपाल लिव्हिंग्स्टनला येतं, आणि ते इतकं असतं की त्याला स्वतःचा झिप कोड आहे, 77399. हजारो माणसांच्या लायसन्सवर हे एकच छोटं गाव आहे. म्हातारपणी गाडी चालवणं झेपेनासं झालं, तर गाडी उभी करून आधारानं राहण्याची सोयही तिथेच केली आहे. रस्त्यावर भेटलेल्या माणसांनी एकमेकांसाठी बांधलेलं हे गाव आहे.

काका-काकूंनी साउथ डकोटा निवडलं. टेक्ससमध्ये 26,000 पौंडांहून, म्हणजे सुमारे 11,800 किलोंहून, जड मोटरहोमला वरच्या वर्गाचं लायसन्स लागतं, आणि काकांना या वयात ती परीक्षा नको होती. आधी त्यांनी साउथ डकोटातल्या स्यू फॉल्समध्ये टपालसेवेचं खातं उघडलं. त्यासाठी टपाल खात्याचा 1583 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, दोन ओळखपत्रं दाखवावी लागतात आणि नोटरीसमोर किंवा त्या टपालसेवेच्या माणसासमोर सही करावी लागते. मग त्याच राज्यात एक रात्र मुक्काम केला. फिरस्त्यांना लायसन्स देताना तिथे गेल्या वर्षभरातल्या निदान एका रात्रीच्या मुक्कामाची पावती मागतात. हॉटेलची चालते, कॅम्पग्राउंडचीही चालते.

(दृश्य : प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली, शाई फिकट झालेली पावती.)

ही ती पावती. काकांनी ती पोथीसारखी जपून ठेवली आहे. काउंटरवरच्या बाईंनी नाव जुळवलं, तारीख पाहिली, फोटो काढला, आणि पाच वर्षांचं लायसन्स दिलं. ओहायोचं परत घेतलं. तेही महत्त्वाचं आहे. जुन्या राज्यातलं लायसन्स, मतदार नोंदणी, गाडीची नोंदणी तशीच ठेवली, तर तिथला कर विभाग उद्या म्हणू शकतो, तुम्ही अजून आमचेच आहात.

मतदानाचा नियम मात्र वेगळा आहे. साउथ डकोटानं 2023 मध्ये मतदार नोंदणीसाठी 30 दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. एका रात्रीच्या पावतीवर लायसन्स मिळतं, मतदानाचा पूर्ण हक्क मिळत नाही. फिरस्त्यांनी या प्रश्नावर आवाज उठवायलाच हवा. कर भरणाऱ्या, कायदा पाळणाऱ्या नागरिकाला कुठेतरी मत देता आलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : मोटरहोमचं टेबल. लॅपटॉप, चष्मा, फायली.)

बँकेनं वेगळीच अडचण काढली. 2001 च्या पॅट्रिअट या दहशतवादविरोधी कायद्यानंतर बँकांना खातेदाराचा राहता पत्ता नोंदवावा लागतो. टपालसेवेचा पत्ता दिला की बँकेचा संगणक तो लगेच ओळखतो आणि अर्ज अडकतो. याचं उत्तर नियमातच आहे. ज्याला राहता पत्ता नाही, त्यानं जवळच्या नातेवाइकाचा किंवा संपर्कातल्या माणसाचा पत्ता द्यावा, अशी सोय त्यात केली आहे. काकांनी मुलीचा पत्ता दिला, आणि तो मुलीचा आहे हे लिहूनच दिला. मित्राचा पत्ता आपला म्हणून देण्यात आणि यात हाच फरक आहे.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्या आपल्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. नागरिक नसलेल्यांना राहण्याचा पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत सरकारला कळवावं लागतं. काका-काकू नागरिक आहेत, म्हणून त्यांची त्यातून सुटका झाली.

आरोग्य विम्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पासष्टीनंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, देशभर चालतं, ते घेणारा डॉक्टर कुठल्याही राज्यातला असो. काकांना ते आहे. काकू 63 वर्षांच्या आहेत. त्यांची पॉलिसी साउथ डकोटात घेतलेली, डॉक्टरांची यादीही तिथलीच. ॲरिझोनात छातीत दुखायला लागलं तर इमर्जन्सीचा खर्च कायद्यानं मिळतो. पण नंतरच्या तपासण्या, औषधं, पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे जाणं, हे बहुधा यादीबाहेरच राहतं. म्हणून काकू दर उन्हाळ्यात स्यू फॉल्सला जाऊन सगळ्या तपासण्या एकदम करून घेतात. आणि हिवाळ्यात पुण्याला यायचं तर वेगळा प्रवास विमा काढावा लागतो. मेडिकेअर भारतात चालत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. दोन घडीच्या खुर्च्या. काका वाळूत काठीनं रेघ ओढतात.)

त्या संध्याकाळी काका म्हणाले, "अगं, तुला आपल्या सोलापूरचं सेटलमेंट आठवतं का?" आठवतं. 1871 च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना तिथे तारेच्या कुंपणात कोंडलं होतं. 31 ऑगस्ट 1952 ला ते मुक्त झाले. पण त्यांच्यातल्या आणि इतर भटक्या जमातींतल्या किती कुटुंबांना आजही जातीच्या दाखल्यासाठी 1961 चा रहिवासाचा पुरावा मागितला जातो. पालात जन्मलेल्या माणसानं तो आणायचा कुठून? काकांचं भटकणं हौसेचं आहे, त्यांच्या हातात पासपोर्ट आहे, पेन्शन आहे. तरी बँकेच्या काउंटरवर "तुमचा पत्ता काय?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, तेव्हा त्यांचा घसा कोरडा पडला. "तेव्हा कळलं गं," म्हणाले, "नुसत्या कागदावाचून माणूस कसा नाहीसा होतो."

(दृश्य : क्वार्ट्झसाइटचं पोस्ट ऑफिस. रांगेत काकू.)

दिवाळी आली. काकूंच्या बहिणीनं न्यू जर्सीहून फराळ पाठवला. स्यू फॉल्सला गेला असता तर चकल्या पुन्हा निम्मा देश फिरून आल्या असत्या. म्हणून बहिणीनं पत्ता लिहिला तो असा : काकूंचं नाव, जनरल डिलिव्हरी, क्वार्ट्झसाइट, ॲरिझोना. अमेरिकेत असं लिहिलं की टपाल पोस्टातच थांबतं, जास्तीत जास्त 30 दिवस.

खिडकीमागच्या माणसानं ओळखपत्र मागितलं. काकूंनी साउथ डकोटाचं लायसन्स पुढे केलं. त्यानं नाव वाचलं, आत जाऊन खोकं आणलं, वजन जाणवलं म्हणून दोन्ही हातांनी धरलं. काकूंनी मराठीत सही केली. बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसल्या, आणि चिकटपट्टी नखानं सोडवायला लागल्या.