रंगाच्या कारखान्यातला प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

२०२० साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, तेव्हापासून आपल्या महाविद्यालयांत एक अपेक्षा सतत बोलून दाखवली जाते. वेगवेगळ्या शाखांनी एकत्र यावं, एकत्र शिकवावं, एकत्र संशोधन करावं. अपेक्षा चांगलीच आहे. पण हे प्रत्यक्षात घडतं कसं? त्यासाठी आज मी तुम्हांला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात नेणार आहे.

१९४९ साली तिथल्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत उद्योगांचं व्यवस्थापन शिकवणारी एक पदव्युत्तर संस्था सुरू झाली. तेलउद्योगातले विल्यम लॅरिमर मेलन यांनी त्यासाठी ६० लाख डॉलर दिले. पहिले अधिष्ठाता जॉर्ज लेलँड बाख हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी जमवलेल्या मंडळींत हर्बर्ट सायमन होते, आणि त्यांची डॉक्टरेट होती राज्यशास्त्रात! विद्यार्थी बहुतेक इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाचे पदवीधर. अर्थशास्त्रज्ञ, गणिती, माणसांच्या वर्तनाचे अभ्यासक अशी सगळी माणसं एकाच छोट्या संस्थेत काम करत होती.

पण माणसं शेजारी बसवली म्हणून त्यांचं काम एकत्र होत नाही. ते झालं एका रंगाच्या कारखान्यामुळे.

पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीचा हा कारखाना. तिथल्या व्यवस्थापकापुढे दर महिन्याला दोन प्रश्न असायचे: पुढच्या महिन्यात रंग किती तयार करायचा आणि कामावर माणसं किती ठेवायची. मागणी तर खालीवर होत राहणार. जास्त माल केला तर गोदामात पैसा अडकतो. कमी केला तर ऑर्डर खोळंबतात. माणसं कमी करावीत, तर पुन्हा भरती आणि शिकवणं आलं. आहेत त्यांनाच जादा वेळ राबवावं, तर ओव्हरटाइम वाढतो. यातला खर्च मोजायला अर्थशास्त्र हवं, सूत्र मांडायला गणित हवं, आणि व्यवस्थापक खरोखर निर्णय कसा घेतो हे समजायला माणूस कळायला हवा. कुठल्याच एका शाखेला हा प्रश्न पेलणारा नव्हता.

चार जणांनी तो हाती घेतला. चार्ल्स होल्ट, फ्रँको मोदिग्लियानी, जॉन मुथ आणि सायमन. कारखान्याच्या नोंदींवरून त्यांनी खर्चाचं गणित मांडलं आणि त्यातून व्यवस्थापकाला महिन्याच्या सुरुवातीला आकडे भरून वापरता येतील असे सोपे नियम काढले. उत्पादन-नियोजनाच्या अभ्यासात हे काम पायाभूत मानलं जातं.

मला यापेक्षाही मोलाचं वाटतं ते पुढचं. या चौघांतल्या सायमन यांचं म्हणणं असं की माणसाची आकलनशक्ती मर्यादित असते. तो सगळे पर्याय तपासत बसत नाही. पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो. मुथ यांनी १९६१ साली जवळजवळ उलट टोकाचा विचार मांडला. लोकांचे भविष्याबद्दलचे अंदाज सरासरीने तितकेच चांगले असतात, जितके त्या विषयाच्या सिद्धांतातून निघणारे अंदाज. एकाच प्रकल्पावर काम करणारी ही दोन माणसं! पुढे सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुथ यांचा विचार पुढे नेणारे रॉबर्ट लुकास, तेही याच संस्थेत शिकवून गेलेले, त्यांना १९९५ साली मिळालं. शाखा एकत्र आणायच्या म्हणजे सगळ्यांचं एकमत करायचं, अशी आपल्याकडे समजूत दिसते. पिट्सबर्गमध्ये प्रश्न एक होता, आणि त्यावरचे मतभेद शेवटपर्यंत नेण्याची मोकळीक होती.

आता शिकवण्याकडे येऊ. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या प्राध्यापकांनी संगणकावर एक बाजारपेठ उभी केली. कपडे धुण्याच्या पावडरीच्या तीन प्रतिस्पर्धी कंपन्या आणि प्रत्येक कंपनी चालवायला विद्यार्थ्यांचा एक गट. किंमत, जाहिरात, कच्चा माल, कर्ज हे सगळं एकाच वेळी ठरवायचं. हिशेब एका तासाला आणि विक्री दुसऱ्या तासाला, अशी सोय तिथे नव्हती. तुम्ही किंमत उतरवली की त्याचा परिणाम तुमच्याच गोदामावर आणि तुमच्याच बँकखात्यावर दिसायचा.

आणि याच इमारतीत आणखी एक गोष्ट घडली. माणूस निर्णय कसा घेतो याचा शोध घेता घेता सायमन आणि ॲलन न्यूवेल विचार करणाऱ्या यंत्राकडे वळले. क्लिफ शॉ या प्रोग्रामरच्या साथीने त्यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम रचला. तो यंत्रावर चढण्याआधी, १९५६च्या जानेवारीत, सायमन यांनी पत्नी, तीन मुलं आणि काही विद्यार्थी यांना एकत्र जमवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिलं. कार्डावर प्रोग्रॅमचा एक भाग लिहिलेला. माणसांनीच आधी तो प्रोग्रॅम चालवून पाहिला. सुट्टीनंतर सायमन यांनी वर्गात येऊन सांगितलं की आम्ही विचार करणारं यंत्र तयार केलंय. त्या वर्गात एडवर्ड फायगेनबॉम नावाचा विद्यार्थी होता. पुढे तो कृत्रिम बुद्धिमत्तेतला मोठा संशोधक झाला. न्यूवेल यांची डॉक्टरेट याच व्यवस्थापनाच्या संस्थेची, हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटतं. त्यांना आणि सायमन यांना १९७५ साली संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हे सगळं फार काळ टिकलं नाही, हेही सांगायला हवं. अर्थशास्त्रज्ञ आणि सायमन यांच्यातलं अंतर वाढत गेलं आणि सायमन मानसशास्त्र विभागात गेले. १९६५ साली संगणकशास्त्राचा वेगळा विभाग झाला. जिथे शाखांच्या भिंती नव्हत्या, तिथून नव्या शाखा निघाल्या आणि त्यांनी आपापल्या भिंती बांधल्या. मला यात अपयश दिसत नाही. एका प्रश्नावरची अशी सोबत दहा-पंधरा वर्षं टिकली, तरी तिचं पीक पुष्कळ मोठं असतं.

या संस्थेशी आपलंही एक नातं आहे. आयआयटी कानपूर उभारायला १९६२ पासून दहा वर्षं ज्या नऊ अमेरिकी संस्थांनी मदत केली, त्यांत कार्नेगीही होती. १९६३ साली कानपूरला संगणक आला आणि तो विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरात आला.

आणि आपल्याकडे आज? इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. सुताचा भाव, विजेचा दर, रात्रपाळीचा कामगार, जुनं यंत्र, हे सगळं एकाच शेडमध्ये आहे. वस्त्रोद्योगाचे, वाणिज्याचे आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक हा एक प्रश्न घेऊन एका वर्गात उभे राहू शकतात. पण दोन विभागांचे दोन शिक्षक एकाच तासाला शिकवू लागले, तर तो तास कोणाच्या कार्यभारात धरायचा, इथेच गाडी अडते. कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी आधी तो तास दोघांच्याही नावावर पूर्ण मांडावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

नमस्कार.