झडप दुरुस्त झाल्यानंतर

पडद्यावर लाल आणि निळ्या रंगांची जी उघडझाप दिसते आहे, ती हृदयाची टू-डी इको तपासणी आहे. छातीवर ठेवलेल्या प्रोबच्या दिशेने येणारे रक्त लाल दिसते, दूर जाणारे निळे. मधूनच वरच्या डाव्या कप्प्यात उसळणारा पिवळा-हिरवा झोत हा उलट्या दिशेने गळणाऱ्या रक्ताचा आहे, कारण दोन डाव्या कप्प्यांमधली मायट्रल झडप नीट मिटत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या चित्रफितीत हा झोत नाहीसा झालेला असतो. झडप मिटते आहे, टाके भरले आहेत, घरी पेढेही वाटून झाले आहेत. आणि तरीही काही रुग्णांना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पायांवर सूज येते आणि रात्री एका उशीवर झोप लागत नाही.

अशा वेळी नातेवाईक जुना आणि नवा अहवाल शेजारी ठेवून पाहतात. डावा खालचा कप्पा एका ठोक्यात आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकतो, हे सांगणारा इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा शस्त्रक्रियेपूर्वी साठच्या घरात होता आणि आता तो चाळीसवर आला आहे. ऑपरेशन बिघडले, असा निष्कर्ष घरात तत्काळ निघतो. बहुतेक वेळा तो खरा नसतो. आधीचा साठ हा आकडाच फसवा होता, कारण बाहेर टाकलेल्या रक्तात मागे गळणारे रक्तही मोजले जात होते.

विहिरीवरची फाटकी मोट ओढणाऱ्या बैलांना मोट वर येताना भार हलका लागतो, पण शेताला पाणी पोचवण्यासाठी त्यांच्या फेऱ्या वाढतात आणि ते आतून झिजत जातात. मोट शिवल्यावर पहिल्यांदाच पूर्ण वजन त्यांच्या खांद्यावर येते आणि थकवा उघडा पडतो. हृदयाचे स्नायू वर्षानुवर्षे असेच झिजलेले असतात. म्हणूनच, स्वतः झडपेच्याच बिघाडामुळे तीव्र गळती होत असेल, तर रुग्णाला कसलाही त्रास नसतानाही इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के किंवा त्याखाली आले, अथवा आकुंचनाच्या शेवटी खालच्या कप्प्याचा व्यास ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक झाला, की शस्त्रक्रियेचा विचार करावा असे हृदयरोगतज्ज्ञ मानतात. आपल्याकडे रुग्ण शल्यविशारदापर्यंत पोचतो तेव्हा ही रेषा अनेकदा मागे पडलेली असते. अरुंद झालेल्या झडपेची गोष्ट वेगळी आहे. तिथे डाव्या खालच्या कप्प्यापेक्षा फुप्फुसे आणि हृदयाची उजवी बाजू जास्त सोसतात.

झडपेवर हात घालण्याचे धाडस शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९२३ साली बोस्टनमध्ये एलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीची अरुंद मायट्रल झडप मोकळी केली आणि १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी हेच काम बोटाने केले. झडप काढून न टाकता तिचा आकार तिच्याभोवती शिवलेल्या कड्याच्या आधाराने पूर्ववत करण्याची पद्धत फ्रेंच शल्यविशारद आलाँ कार्पांतिए यांनी रुजवली. १९८३ मधले त्यांचे व्याख्यान या शास्त्रातला टप्पा मानले जाते. भारतात मात्र झडपेचा आजार पुष्कळदा लहानपणीच्या घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या रुमॅटिक तापातून आलेला असतो. अशी झडप जाड आणि आखडलेली असल्याने दुरुस्ती कठीण असते आणि आजार तिच्यात पुढेही सरकू शकतो. त्यामुळे या रुग्णांना दर तीन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन शस्त्रक्रियेनंतरही आवश्यक असते. ज्यांचे हृदय फार अशक्त आहे, त्यांच्याबाबत इंजेक्शनऐवजी गोळ्यांचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात.

आता मुख्य काम घरात चालते, आणि त्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वजनकाटा. सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहायचे. दोन-तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढले, तर ती चरबी नसते, साठलेले पाणी असते. धाप लागण्याच्या आधी बऱ्याचदा काटाच ते सांगतो. लघवीच्या गोळीची मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले असेल तर रात्रीची धावपळ टळू शकते. ही गोळी चुकण्याचे कारण मात्र औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. एसटीच्या प्रवासात उतरायचे कुठे, या संकोचाने विशेषतः स्त्रिया प्रवासाच्या दिवशी ती घेतच नाहीत, आणि लग्नसराईत असे दिवस सलग येतात.

मिठाचा हिशेबही असाच आहे. ‘मी वरून मीठ घेत नाही,’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या ताटात पापड, लोणचे, फरसाण आणि चहाबरोबरची खारी असते. त्यावर उपाय म्हणून कमी सोडियमचे मीठ आणले जाते, पण त्यात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनसारखी, शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी चालू असताना किंवा मूत्रपिंडे कमजोर असताना हे मीठ, आणि रोजचे शहाळेसुद्धा, रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीला नेऊ शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून सहज मिळणारी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही गोळी तर शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते.

स्नायू अशक्त झालेल्या हृदयासाठी आज साधारण चार प्रकारची औषधे एकत्र वापरतात. त्यांतली डापाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहासाठी आली. मधुमेह नसलेल्या अशा रुग्णांनाही तिचा लाभ होतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसले. ‘मला शुगर नाही, मग शुगरची गोळी का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणी न दिल्यामुळे ती बंद पडते. हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीने पहिले काही आठवडे अधिकच थकल्यासारखे वाटू शकते, म्हणून तीही बंद पडते. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागला, तरी दरमहाच्या गोळ्यांचा भार बहुतेकदा घरावरच राहतो, आणि पैसे कमी पडले की कोणती गोळी सोडायची हे रुग्ण स्वतःच ठरवतो. औषधे टिकून घेतली, तर काहींचे इजेक्शन फ्रॅक्शन काही महिन्यांत सुधारते. काहींचे सुधारत नाही, आणि हे आधी सांगता येत नाही.

तरुण स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट आहे. यांतली काही औषधे, तसेच रक्त पातळ करणारे वॉरफरिन, गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या आधीच हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणे आवश्यक असते. सासूबाईंच्या घाईपुढे ही भेट राहून जाते.

दुरुस्तीसाठी कडे बसवलेले असेल, तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला तसे सांगावे लागते, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात. त्याच कारणाने, काही दिवस न उतरणाऱ्या तापावर दुकानातून अँटिबायोटिक घेऊ नये. आधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू शोधणाऱ्या तपासणीसाठी, रक्त द्यावे, कारण औषधाचे दोन डोस पोटात गेले तरी जंतू तपासणीत न सापडण्याची शक्यता वाढते आणि झडपेवरचा संसर्ग ओळखायला उशीर होतो.